चुकून निघालेलं ‘येते’

अगं, माझ्या दचकण्याचं काय सांगू! मागच्या रविवारचंच ऐक. इथे जर्मनीत आत्ता कुठे वसंत आलाय, म्हणून आम्ही लेकीला घेऊन तळ्यावर गेलो होतो. अकोल्याला बाबांना व्हिडिओ कॉलवर फुललेली झाडं दाखवत होते, तेवढ्यात एक हंस फिस्कारत अंगावर आला. घाबरून मी ‘ठेवते’ म्हणायच्या ऐवजी ‘येते बाबा!’ म्हणाले.

बाबा उठूनच बसले. “कवा येऊन राहिली वं? इथं ऊन लय तापलं. तुह्या खोलीतल्या कूलरले वाळ्याच्या नव्या ताट्या लावतो.”

“बाबा, चुकून निघालं हो तोंडातून.”

ते परत उशीला टेकले. मग म्हणाले, “समजलं मले. पन ताट्या तं लावूनच ठेवतो.”