कुंकवाचं मेण

(वडीगोद्री, १९९३. भुजंगच्या बॅटरीच्या दुकानामागचं परस. दोन चुलींवर दोन पातेली, वर तांब्याची उतरती झाकणं. झाकणाला लागून वाफेचं पाणी होतं, ते नळीतून कॅनमध्ये गळतं. तेच बॅटरीत घालायचं. भुजंग आणि त्याची बायको नंदाबाई.)

भुजंग : खरं सांग, माह्या चुलीतली लाकडं तू तुह्या चुलीत सरकवली ना?

नंदाबाई : मोजून घ्या. दोन्हीकडं चार-चार.

भुजंग : मंग तुहा कॅन काठोकाठ अन् माहा अर्धाच कसा? हापशाचं पाणी तं न्हाई वतलं?

नंदाबाई : वतलं असतं तं त्यातल्या क्षारानं तुमच्या मीटरचा काटा जाग्यावर राह्यला असता का? लावा की.

भुजंग : लावला. पाणी बराबर हाय.

नंदाबाई : मंग तोंड का असं, एरंडेल पिल्यावानी?

भुजंग : तुला थट्टा सुचून राह्यली! शनिवारपातुर वीस कॅन न्हाई भरले तं शांतिलालशेठ दुसरीकडून माल घेणार. मंग दुकानाला कुलूप, अन् मी पुण्याला संपतच्या गॅरेजात नोकरीला.

नंदाबाई : म्हणून तं झाकणाला मेण लावलं.

भुजंग : मेण?

नंदाबाई : माह्या कुंकवाचं. कुंकू टिकावं म्हणून आधी कपाळाला लावते ते. सोमवारी मेणाच्या बोटानं झाकण धरलं म्हणून बोंबलले व्हते ना? बोट लागलं तेवढ्याच जागी पाण्याचे मणी धरले अन् भराभर नळीकडं घसरले. आज सगळ्या झाकणाला आतून चोळलं, फडक्यानं पुसून घेतलं.

भुजंग : अन् मी येडा! चिंच लावून, राखेनं घासून झाकणाचा आरसा केला.

नंदाबाई : आरसा झकास हाय. पण उलटा करून बघा. पाणी पसरून कसं चिकटलंय, गोधडीवानी. मागून येणाऱ्या वाफेला थंड तांबं लागंल कसं? माह्या झाकणावर थेंब धरला की घसरला, जागा मोकळी.

भुजंग : सातवी शिकलेली बाई मला, आयटीआयवाल्याला...

नंदाबाई : शिकवून राह्यली. फी नको.

भुजंग : दुसऱ्या झाकणाला बी लाव. जल्दी! वीस काय, पंचवीस भरतील.

नंदाबाई : मंग पुणं?

भुजंग : कशाचं पुणं! पण शनिवार रातच्या गाडीसाठी कपड्यांची पिशवी भरून ठेवलीय मी.

नंदाबाई : ती मी रविवारीच रिकामी केली.

भुजंग : रविवारी? तवा मेणाचं कुठं ठाऊक व्हतं तुला?

नंदाबाई : न्हवतं. तुमाला जाऊ द्यायचं न्हाई, एवढंच ठाऊक व्हतं.