पुलाखालचा बिघडलेला टेक

बायजाबाई : तुया फिल्ममध्ये ढोल तीनदा, किंकाळी दोनदा, विजेचा कडकडाट एकदा. खाणीच्या आत वीज कुठून पडली वं तृप्ती?

तृप्ती : ते वातावरण असते आई! भीती वाटाले पायजे म्हणून. तू भ्यायली का नाई, तेवढं सांग.

बायजाबाई : भ्यायली ना. तुया लॅपटॉप फुटते का काय म्हणून. मी आपली तांदूळ पाखडत होती, तेच बरं.

तृप्ती : बाबा, तुमी तरी बोला. सहा वाजेपर्यंत नागपूरच्या महोत्सवाले पाठवाची आहे. मागच्या साली माह्या भुताच्या सीनले अख्खा हॉल हासला. यंदाही हासले, त मी कॅमेरा पेटीत टाकून देतो अन् बीएड करतो.

परसराम : मी काय बोलू? मीच तर हिरो आहो त्यातला.

बायजाबाई : हिरो! सात मिनिटांतले पाच मिनिटं ह्यांचं तोंडच दिसते. अन् डोळे असे वटारले, जसं मीच वरणात दोनदा मीठ टाकलं.

परसराम : तिनंच म्हटलं, बाबा डोळे मोठे करा. बत्तीस वर्सं चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत काढले मी, डोळे मोठे करून काही होत नाई. अंधारच असते तिथं.

तृप्ती : मग काय मोठं करता?

परसराम : कान. सुरुंग उडाला, धूर निघाला, का सगळ्यांच्या आधी मी आत. लंबी लोखंडी सब्बल घ्याची अन् छताले ठोकाचं. टण् वाजलं, त दगड पक्का. ढब् वाजलं, त आतून सुटला. मंग आपण मागं सरकाचं, दुसऱ्यालेबी सरकवाचं.

तृप्ती : तेच तर आहे ना फिल्ममध्ये!

परसराम : कुठं आहे? तुया ढोलाखाली टण् बी दबलं, ढब् बी दबलं. मले आयकू आलं नाई, त लोकांले काय येईन?

तृप्ती : पण ढोल काढला त शेवटचा दगड पडते तेव्हा पुठ्ठा दिसते बाबा.

बायजाबाई : ढोल ठेवूनबी पुठ्ठाच दिसते. कुलरच्या खोक्यावरचं नाव मी वाचलं, पूर्ण.

परसराम : पोरी, कॅनॉलच्या पुलाखाली शूटिंग केलं होतं, तो पयला टेक कुठं गेला?

तृप्ती : तुमी मले ओढलं, कॅमेरा पडला, तो? बिघडलेला आहे तो! आधी तुमची पाठ, मग माती, मग तुमची चप्पल. दुसरं काहीच नाई.

बायजाबाई : ओढलं? पोरीले? मले कोणी सांगतलं नाई.

परसराम : सांगासारखं नोहोतं.

तृप्ती : थांबा, लावतो. म्युझिक नाई काही, फक्त माईकचा आवाज.

(लॅपटॉपमधून : टण्. टण्. श्वास. टण्. पाण्याचा एक थेंब. ढब्. मग फरफट, काहीतरी आदळतं, आणि शांतता.)

तृप्ती : आई, सूप काहून थांबलं तुयं?

बायजाबाई : कुठं थांबलं? ... परत लाव बरं.

तृप्ती : पाहा बाबा! ढोल वाजला, किंकाळी झाली, ही पाखडतच होती. अन् आता तिसऱ्या टण्‌ले हात थांबला!

परसराम : पण दिसते तर माही पाठच.

तृप्ती : पाठच ठेवतो! सगळ्यांले वर पाहाचं असन, अन् कॅमेरा वर जाणारच नाई. छत दाखवतच नाई मी. वटारलेले डोळे कापले, वीज कापली, पुठ्ठाबी कापला. फिल्म चार मिनिटांची झाली.

बायजाबाई : पुठ्ठा मले दे, चुलीले कामी येते. पण त्या पुलाचा दगड पडला का मंग?

परसराम : नाई पडला. ढब् आयकलं, पोरीले काढलं. पडाची वाट कोण पाहाते?

तृप्ती : अन् मी तिथं किती चिडली तुमच्यावर! टेक बिघडवला म्हणून... हे घ्या, गेली. पाच वाजून चाळीस मिनिटं. पाठवली!

बायजाबाई : काहो, तुमी तर मले सांगत होते, खाणीत थंडगार सावलीतलं काम आहे म्हणून.

परसराम : सावली त होतीच ना.

बायजाबाई : रोज किती वेळा ठोका लागे ते?

परसराम : मोजलं नाई कधी.

बायजाबाई : बरं केलं, सांगतलं नाई ते. मी इथं मोजत बसली असती.