पेटीवरचं नाव

नांदेडच्या लहान मुलांच्या दवाखान्यात शिल्पा लेकीला मांडीवर घेऊन नंबरची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारा अन् त्याचा नातू बोलत बसले होते. नातवाचं दोन दिवसांचं बाळ आत काचेच्या पेटीत होतं.

"आबा, बाळाचं नाव विराज ठरलंय. तुमचं नाव आता कोण ठेवतं?"

"उकंडाला काय झालं?"

"उकिरड्यावरनं आलेलं नाव हाय ते."

"तिथूनच आलंय. माझ्या आधीची भावंडं जगली न्हाईत. मग आईनं मला उकिरड्यावर ठिवलं. शेजारणीनं उचललं अन् सूपभर जवारी घेऊन आईला परत दिलं. टाकलेल्या लेकराकडं मरण बघत न्हाई, म्हणायचे."

"म्हणायचे! आता लस हाय, पेटी हाय. म्हणून तर तसली नावं बंद झाली."

"हाव, ते बी खरं."

"माझ्या लग्नपत्रिकेत बी तुम्हाला यू. एम. छापलं."

"बघितलं की. मला वाटलं, दुसरंच कुणी पाव्हणं हाय."

आतून नर्सबाई आल्या.

"पेटीतल्या बाळाचे वडील कोण? बाळ अजून दूध ओढत नाही. डॉक्टर बघून राहिलेत. पेटीवर नाव लावायचंय, काय लावू?"

नातू उठून उभा राहिला.

"उकंडा."

म्हाताराच गडबडला.

"अरे, शाळेत पोरं लई चिडवतील त्याला."

"चिडवू द्या, आबा. शाळेत तर जाऊ द्या."