डबे किती, विचारलं. कुठले, ते नाही

...आणि वर ह्यांनी म्हणायचं काय, तर "सोपंय गं, एकात एक बसव आणि ठेव!" सोपंय? दिसायला सगळं एकात एक बसतं हो!

तुम्हाला सांगते, लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्याबरोबर आईने दिलेले डबे आले. आईने म्हणजे माझ्या आईने. सासूबाईंनाही मी आईच म्हणते, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य आता 'कुठली आई' हे सांगण्यात जाणार आहे. तर डबे! स्टीलचे, प्लास्टिकचे, एक पत्र्याचा, पोचा आलेला... मी शाळेत होते तेव्हापासून तिने एकेक करून बाजूला ठेवलेले. आणि इथे जागा किती? फळीवर, सासूबाईंच्या डब्यांना खेटून, एक मोठा डबा मावेल इतकी. सासूबाई कधी ओरडत नाहीत हं, त्या फक्त निकाल देतात. "एकात एक बसतील तेवढे राहू देत खाली. उरलेले माळ्यावर." माळ्यावर! माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली आलेली पाहिलीय कुणी? तिथे आमच्या ह्यांचा पाळणा आहे, मामंजींची जागच्या जागी चालवायची सायकल आहे... आणि आता माझ्या आईचे डबे?

आमचे हे सोफ्यावरून म्हणतात कसे, "अगं, तू तर प्रोग्रामिंगच्या स्पर्धा गाजवल्यास ना? हे काय, तुझ्या डाव्या हातचा मळ!"

मी डब्यांकडे बघितलं. आणि अहो, हा प्रश्न ओळखीचा होता. अगदी हाच! कॉलेजातली स्पर्धा, आम्ही तिघी, एक कंप्यूटर, त्यात एक खुर्ची कमी. ढापणी टाइप करायची, वटवटी बोलायची आणि मी... मी मधे बसायचे. पडद्यावर प्रश्न: इतके डबे, ही त्यांची रुंदी, ही उंची, जास्तीत जास्त किती एकात एक बसतील? ढापणी चष्मा वर सरकवत म्हणाली, "आधी रुंदीने लावू, लहानाकडून मोठ्याकडे. रुंदीची कटकट संपली! उरली उंच्यांची रांग. डावीकडून चालत जायचं आणि चढत्या उंच्या तेवढ्या वेचायच्या, मधले गाळले तरी चालतील." वटवटी नाचायलाच लागली, "पाठव पाठव पाठव!" पाठवलं. चूक! लाल अक्षरांत! मग दोघींची जी जुंपली म्हणता... मला दिसत होतं हो, सारख्या रुंदीचे दोन डबे आम्ही एकमेकांत कोंबतोय, पण बोलायला फट मिळेल तर ना? शेवटी कागदावर लिहिलं, 'रुंदी सारखी असेल तर उंच आधी', म्हणजे चढत्या रांगेत त्या दोघांतला एकच वेचला जाईल, आणि कागद सरळ कीबोर्डवर ठेवला. ढापणीने वाचून तसंच टाइप केलं. वटवटी "पाठव" म्हणाली, चक्क एकदाच! मग उत्तर बरोबर आलं आणि प्रश्न सुटला की फुगा, या स्पर्धेच्या रिवाजाप्रमाणे आयोजकांपैकी एकाने येऊन टेबलाला पिवळा फुगा बांधला. तो फुगा आम्ही खोलीवर नेला, सुरकुतून लिंबाएवढा झाला तरी फेकवेना... आता ढापणी एकीकडे, वटवटी दुसरीकडे, आणि मी? स्वयंपाकघराच्या फरशीवर!

बसले फतकल मारून. लावले रुंदीने. मामंजी पाणी प्यायला आले, "सूनबाई, दुकान टाकलंस का?" मी मान हलवली आणि दुसरी रांग धरली, आमच्या स्पर्धेतलीच. आलेला डबा शेवटच्यापेक्षा उंच असेल, तर मागे उभा करायचा. नसेल, तर त्याच्याइतका किंवा त्याहून उंच असा जो पहिला दिसेल, त्याला उठवून याला तिथे बसवायचं. झाली रांग, आणि तिच्यात जितके डबे, तेच उत्तर. "पाच!" एवढ्या मोठ्याने मी या घरात पहिल्यांदाच बोलले. सासूबाई हात पुसत आल्या, हे सोफ्यावरून उठले, म्हणजे बघा!

पहिला दुसऱ्यात गेला. दुसरा तिसऱ्यात... जाईना. हे म्हणाले, "तिरका करून बघ." तिरका केला. "दाब जरा." दाबला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, पोचे येतील." आवाज इतका मऊ, की मला माळ्याची शिडीच दिसायला लागली. दिसायला सगळं एकात एक बसतं हो! तो दुसरा म्हणजे पोचा आलेला पत्र्याचा बुटका. उंचीने अगदी शिस्तीत, पण बूड? तिसऱ्यापेक्षा रुंद!

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. स्पर्धेत विचारलं होतं 'किती'. 'कुठले' कुणी विचारलंच नव्हतं! त्या रांगेतून आकडा बरोबर निघतो, पण शेवटी तिथे जे उभे असतात, त्यांचं आपसात जमेलच असं नाही. मागाहून आलेलं कुणीतरी कुणाच्या तरी जागेवर बसलेलं असतं. (हे मी कुठल्या डब्याबद्दल बोलतेय, विचारू नका.) आम्ही पोरींनी फुगा मिळवला आणि एकदाही डबा हातात धरून बघितला नाही! वटवटी असती तर फिदीफिदी हसली असती... खरंच, असायला हवी होती.

मग बुटक्याने उठवलेल्या जुन्या दुसऱ्याला शोधून आणला. बसला! पहिला दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात, तिसरा चौथ्यात, चौथा पाचव्यात. टक्क! बुटका बाकीच्यांबरोबर माळ्यावर गेला, त्याचं तेवढं वाईट वाटलं, पण पाच राहिले खाली, आईचे. माझ्या आईचे. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने फळीवर ठेवले. "गुणाची गं माझी!" मला तर टेबलाला फुगा बांधल्यासारखं झालं.

एवढ्यात त्यांनी साखरेची पिशवी पुढे केली. "घे, ही ओत बरं तुझ्या डब्यात."

"कुठल्या, आई?"

त्यांनी फळीकडे बघितलं. मी बघितलं. मामंजींनी बघितलं. दिसायला सगळं एकात एक... बसलंच होतं की हो! साखर गेली सासूबाईंच्या डब्यात, आणि हे मात्र तेव्हापासून आल्यागेल्याला कौतुकाने माझा डबा दाखवतात. पाहुणे विचारतात, "अरे वा, काय ठेवलंय यात?"

मी म्हणते, "डबा."