शेऱ्याचा रकाना

— नाही हो ताई, चुकून दाबलं गेलं, ते धरू नका. आवाज आला की बटण दाबायचं, कळलं मला. पण मला आलाच नव्हता आवाज — अंगठ्याला आला असेल. हसू नका. सव्वीस वर्षं हेच केलंय या अंगठ्यानं. कानाला असेच हेडफोन, पलीकडे कोणी बोलायला लागलं की दाबायचं, थांबलं की सोडायचं आणि ऐकलेलं लिहून काढायचं. कोण बोलायचं? कोणीही. ज्यांचे फोन आमच्याकडे जोडलेले असायचे ते. त्यांना कुठलं माहीत असायला! सरकारी नोकरी होती, खुर्ची बरी होती, चहा दोनदा यायचा. घरी सांगायचो टेलिफोनचं काम आहे. ते काही खोटं नव्हतं.

तुम्ही एवढंच लिहा, की डावा कान गेलाय. उजवाही गेलाय म्हणा हवं तर — वय बघा की माझं, कोणाला शंका येणारे? सोमवारी कागद न्यायचाय. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आता परत बोलावतायत. का, तर तो आवाज मी ओळखतो म्हणून. एका मास्तरांच्या मुलीचा. मास्तरांचा फोन नऊ वर्षं माझ्याकडे होता, त्यामुळे ही ठमी — घरात ठमीच म्हणायचे तिला — माझ्या कानातच मोठी झाली म्हणा ना. पहिला शब्द काय बोलली माहितीये? ‘नको.’ मास्तरांनी तिच्या आजीला फोनवर चारदा ऐकवला. मी चारदा लिहिला. आमचा मुलगा पहिलं काय बोलला ते मला अजून आमच्या हिला विचारावं लागतं. आता ठमी एकवीस वर्षांची झालीये, स्वतःचा फोन आहे, मोर्च्यांना जाते म्हणे. तर तिचा फोन मी ऐकायचा. नाही म्हणायची सोय नसते हो तिथं. ठार बहिरा झालो तरच सुटका.

मास्तर? मास्तर नाहीत घरी. पंधरा वर्षं नाहीत. त्याचं काय झालं — जाऊ दे, बाहेर लोक थांबलेत तुमचे. बरं, सांगतो. एकदा ते त्यांच्या मित्राला म्हणाले, ‘दोन बाटल्या घेऊन ये, मागच्या दारानं ये, कडी वाजवू नकोस.’ झालं! बाटल्या, मागचं दार — साहेबांची कळीच खुलली. मित्र औषधाच्या दुकानात कामाला. ठमी तीन दिवस खोकत होती, मी ऐकत होतो ना, आणि तेव्हा कुठं तिचा डोळा लागला होता, म्हणून कडी वाजवायची नाही. मला सगळं माहीत होतं. कागदावर खाली शेऱ्याचा रकाना असतो. मुलीला खोकला, औषध मागवलंय — चार शब्द. साहेब मागेच उभे होते. मी रेघ मारली. वर मात्र एक अक्षर खोटं नाही, जे ऐकलं तेच लिहिलं. वाईट वाटलं का? तसं नाही सांगता येणार. जेवलो त्या दिवशी. झोपही लागली. त्याच रात्री मास्तरांना उचललं. दुसऱ्या दिवशी त्या फोनवर ठमी एकटीच होती, ‘बाबा कुठंयत’ म्हणून ज्याला त्याला विचारत होती. तेही लिहिलं.

म्हणून म्हणतो, तेवढा ठमीचा आवाज नको आता. करा ना एवढं. म्हाताऱ्या माणसाचं कसं असतं ते तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याही आईच्या गुडघ्याचं चाललंयच की — अं? मला कोणी सांगितलं? तुम्हीच की. मघाशी आतल्या खोलीत तुम्ही भावाशी फोनवर — हो, दार बंद होतं. हळू बोलत होतात, तेही खरं. मी ऐकत नव्हतो हो. कानावर आलं.

असं बघू नका. बरं, मी भिंतीकडे तोंड करून बसतो, तुम्ही लिहा. वरचे आकडे काय असतील ते असू देत, शेऱ्याचा रकाना तुमच्याही कागदावर आहे, खाली, बघितलाय मी. तिथं लिहा काहीतरी. चार शब्द पुरे.

रेघ मारलीत ना?

ऐकू आली. द्या इकडे तो कागद, आणि पुढच्याला बोलवा.