बयाबाईची झोप

वडगावच्या गुरांच्या दवाखान्यापुढं रज्जाक टांग्याचा घोडा धरून पाळीची वाट पाहत होता. त्याच्या पुढं दोन शेजारणी बसल्या होत्या. धाकट्या बयाबाईच्या मांडीवर मागचे पाय लुळे पडलेला कुत्रा होता.

"बये, चार दिस भावाकडं इंदुरीला जा. खंड्याला मी बघते."

"माज्याच हातचं खातो त्यो, कस्तुरामावशी."

"भूक लागल्यावर माज्याबी हातचं खाईल. काल तवा लाल झाला, तरी तू चुलीपुढं नुसती बसलेली."

"झोपच न्हाई. ह्यो जरा कण्हला की उठते. परवा वाटलं, मरंना का एकदाचा. मग लय रडले."

"म्हणून तर म्हणते, जा. तूबी आडवी पडलीस, तर मी कुणाकुणाला भरवू?"

"माज्या पायाला टेकल्याबिगर त्याला झोप येत न्हाई."

"तुजं जुनं लुगडं दे. वासावर झोपंल."

"अन मी नसताना गेला तर?"

"मी हाय की जवळ. एकला न्हाई जायचा."

बयाबाई कुत्र्याचा कान चोळत राहिली. मग मागं वळली.

"भाऊ, तुमचा टांगा इंदुरीला जातो का?"

"घोड्याच्या डोळ्यात औषध घातलं की निघतो, बाई."

"मग जरा थांबा. घरनं लुगडं आणून हिला देते."