बिनमयालीचं घर

नाई हो भाऊ, कणगी नाई ते, घर हाये — या रस्त्यानं जो गेला त्यानं हेच इचारलं, कोनी म्हने वारूळ, कोनी म्हने डोंगरसिंगानं, म्हंजे मीच, भट्टी लावली — तुम्ही बसा, पानी प्या, पन हसू नका, हसाले अख्खा तांडा हाये. माती, शेन, कुटार अन् हे दोन हात, बस. मधात खुंटी, खुंटीले दोरी, दोरी जिथी तानते तिथी मातीचा लोंदा ठेवत फिरत जाचं — कठीन काय त्याच्यात? काहीच नाई. फक्त एक थर सुकल्याबिगर दुसरा नाई चढवाचा. अन् मी चढवला. घाई होती ना — शिमग्यात सारा माथा खाली बसला. तं हा शेजारचा खेमसिंग कमरेवर हात ठेवून म्हन्ते, वर आडव्या लाकडाची मयाल टाकली असती तं असं झालं असतं का? जो उठला तो मले मयालच शिकवून राह्यला.

काहून नाई टाकत? लाकूड कुठी हाये भाऊ, जंगलवाले सागाच्या फांदीले हात लावू देत नाईत… आता खोटं कायले बोलू. सासऱ्यानं, बाबुलालनं, गाडीत घालून मयाल धाडली होती — सरळ, एक गाठ नाई तिले. मी गाडी तशीच वापस केली. रागावला म्हातारा. रागावू द्या.

पहिल्या घराले होती ना मयाल. वरून धडधाकट, आतून उधळीनं पोखरलेली. आमच्यात पाळना मयालीलेच टांगतात — दुसरीकडं कुठी टांगनार? थावरी निजली होती त्याच्यात, माही पोरगी. जमनी, माही बायको, चुलीपाशी होती, मी बैल सोडत होतो. बस, तेवढंच. तवापासून मी छपराखाली निजलो नाई, पानीपावसातही नाई. याच्यात निजतो. अजून माथा उघडा हाये, तरी निजतो.

अन् आता जमनी पुन्हा दोन जीवाची. माहेरी हाये. तिच्यासाठीच तं घाई केली मी — अन् तिचा भाऊ येऊन काय सांगते? म्हने, जमनी त्या गोल घरात येत नाई, पाळना टांगाले जागा नाई जिथी, ते लेकराचं घर नाई. म्हंजे जिच्या डोक्यावरचं लाकूड काढलं तिलेच लाकूड पाह्यजे. डोकं फिरते माहं. अवं, मांडीवर निजव ना, जमिनीवर निजव, माह्या पाठीवर बांध — पन नाई, पाळनाच पाह्यजे.

मुकुटबनकडंच चालले का तुम्ही? तं मंग बाबुलालच्या तांड्यावरून जा. जमनीले सांगा, घर झालं, वरचं भोक तेवढं राह्यलं, ते आज बुजवतो. सांगा, आत निजून वर पाह्यलं तं भेव नाई वाटत. अन् तरी ती नाई म्हनली — तं म्हाताऱ्याले सहज इचारा, ती मयाल इकली का अजून हाये म्हना… मी इचारलं म्हून नका सांगू. नाई, राहू द्या. काहीच इचारू नका. झालं ना पानी पिऊन? निघा मंग, माही माती वाळून राह्यली.